आपल्याच माणसाची तक्रार

(विहारातील वर्षावास कार्यक्रमात रविवारी सायंकाळी केलेले भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



समितीने मला विषय दिला होता 'कामगार आणि व्यसनमुक्ती'. दोन रात्री बसून टिपणही काढले. पण खरे सांगायचे तर त्या विषयावरचे माझे भाषण तुम्ही चार वेळा ऐकले आहे, आणि प्यायचे ते पितातच. म्हणून आज अध्यक्षांची परवानगी घेऊन मी वेगळे बोलणार आहे. "तात्यानं आपलंच पोरगं पोलिसात दिलं" असे या वस्तीत माझ्याबद्दल बोलले जाते. हे वाक्य मी नळावर ऐकले, पिठाच्या गिरणीत ऐकले, एका मयतीला गेलो तिथेही ऐकले. माघारी बोलण्यापेक्षा समोरासमोर झालेले बरे. होय, तक्रार मी केली. का केली ते सांगतो, आणि मग तुम्हाला काय बोलायचे ते बोला.

पण गोष्ट सुरू होते 1996 सालापासून. त्या वेळी मी सूतगिरणीत रिंग फ्रेमला साईडर होतो, लग्नही व्हायचे होते. कार्डिंग खात्यातल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला आम्ही कवठेमहांकाळच्या बाजूला गेलो होतो. येताना वडाप जीप. तुम्हा जुन्या लोकांना वडाप सांगायला नको. आत पंधरा, मागच्या फळीवर तीन. ड्रायव्हर आपल्याच वस्तीतला, माझ्यापेक्षा वयाने मोठा. लग्नात त्याने घेतली होती. मी पुढे त्याच्या शेजारी बसलो होतो, मला वास येत होता. गाडी एकदा डाव्या कडेला गेली, परत आली. मी काय केले? काही नाही. मोठ्या माणसाला कसे बोलायचे, आणि बोललो तर म्हणेल उतर खाली, रात्रीचे कुठे जाणार! मिरजेच्या अलीकडे गाडी खड्ड्यात जाऊन झाडावर आदळली. मेले कोणी नाही. पण मागच्या फळीवर उभ्या असलेल्या आमच्या एका दादांचा पाय चेंबटला आणि मिरज सिव्हिलमध्ये गुडघ्याखालून काढावा लागला.

आता पुढचे ऐका, कारण माझी खरी चूक इथे आहे. रात्री सिव्हिलच्या व्हरांड्यात आम्ही पाच-सहा जण उभे राहिलो आणि ठरवले, की आपला माणूस आत जायला नको. समोरून ट्रक आला, डोळ्यावर लाईट मारली, अंगावर आला, नंबर दिसला नाही. सगळ्यांनी एकच सांगायचे. सकाळी पोलीस आला, मी तसाच जबाब दिला. त्याने वाचून दाखवला, मी सही केली. दहावी पास माणूस, सही झोकदार केली.

दादांची नुकसानभरपाईची केस घेऊन सांगलीला वकिलाकडे गेलो तेव्हा वकिलाने कागद बघितले आणि विचारले, "हे जबाब कुणी दिले?" आम्ही गप्प. ते म्हणाले, "जीपवाल्याची चूकच नाही असं तुमच्याच माणसांनी लिहून दिलंय. आता त्याच्या विमा कंपनीकडं मागायचं कशाच्या जोरावर?" राहिला तो न सापडलेला ट्रक. पळून गेलेल्या अनोळखी वाहनाने जबर जखमी केले तर त्या काळी कायद्याने साडेबारा हजार रुपये मिळत. जो ट्रक आलाच नव्हता त्याच्या नावाने एका पायाची किंमत साडेबारा हजार! तो अर्जही दोन वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. दादांचे गिरणीतले काम गेले. त्यांनी पानपट्टी टाकली. ड्रायव्हर मात्र सुटला, दोन महिन्यांत दुसऱ्या जीपवर बसला.

दादा आज हयात नाहीत. त्यांच्या घरच्या वैनी इथे बसल्या आहेत. आधी त्यांच्या घरी जाऊन हे सगळे सांगितले, म्हणूनच आज इथे बोलायचे धाडस करतोय. मला वाटले होते त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "मला ठावं हुतं की भावजी. ह्येंनीबी तसाच जबाब दिला हुता." ज्याचा पाय गेला त्या माणसानेसुद्धा, आपला ड्रायव्हर वाचावा म्हणून, खोटा जबाब दिला होता! इतकी आपल्यात एकी. या एकीचे काय करायचे ते मला अजून नीट कळलेले नाही.

बंधूंनो, याच जागी मला बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवतो. साल 1929. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला समिती नेमली होती, तिचे ते सभासद होते. खानदेशातल्या एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून परतताना ते धुळ्याहून चाळीसगावला उतरले. आपल्या लोकांचा आग्रह, की एक रात्र आमच्याकडे राहा. वाडा चालत जाण्याजोग्या अंतरावर होता, पण टांगा चालवायला कोणी तयार होईना. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायचा म्हणजे टांगेवाल्याचा कमीपणा! तासभर स्टेशनात गेला. शेवटी तोड निघाली, की मालक टांगा देईल पण हाकणार नाही. आता साहेबांना पायी कसे न्यायचे? तो आपला कमीपणा. म्हणून आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. दोनशे पावले गेले नाहीत तोच समोरून मोटार; एक पोलीस मोठ्याने ओरडला म्हणून मोटारवाल्याने गाडी मागे घेतली आणि टक्कर टळली. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक दगडाला लागले, घोडा-टांगा खाली नदीत, बाबासाहेब फरशीवर आपटले. पायाचे हाड मोडले.

हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवले आहे. आपण टांगेवाल्याच्या जातीच्या माजाबद्दल बोलतो, ते बरोबरच आहे. पण बाबासाहेबांनी आपल्या माणसांनाही सोडलेले नाही. पाहुण्याच्या मानापुढे पाहुण्याचा जीव मोठा असतो हे ते विसरले, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. मी विचार करतो, त्या वाड्यातल्या वीस-पंचवीस माणसांत एकालाही ठाऊक नव्हते का, की याला लगाम धरता येत नाही? ठाऊक असणारच. पण आपल्या माणसाला सगळ्यांदेखत "तुला येत नाही, उतर" म्हणायचे कोणी? त्या दिवशी ओरडला तो फक्त पोलीस.

आता आपल्या पोराकडे येतो. त्याचे नाव घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्याचे वडील माझ्याबरोबर रिंग फ्रेमला होते, ते वारले तेव्हा हे पोर नववीत होते. पुढे त्याने फायनान्सवर मॅजिक गाडी घेतली. सकाळी शाळेची पोरे, रात्री 11 ला दुसरी पाळी सुटली की एमआयडीसीतल्या बायका सावळी, बामणोली, कुपवाड अशा घरोघर सोडायच्या. कष्टाळू पोर, त्यात शंका नाही. पण थंडीच्या दिवसांत रात्रीच्या फेरीच्या आधी 'थोडी' घ्यायची सवय लागली.

मला पहिल्यांदा सांगितले ते माझ्या सुनेने. 2024 चा जानेवारी, उसाचा हंगाम. तुम्ही बघताच, दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर टेपवर गाणी. अशा एका ट्रॉलीला याची गाडी घासली, डावा आरसा तुटला. सून म्हणाली, "मामा, आमी सात जणी हुतो गाडीत. आठवडाभर कुणी घरात सांगितलं न्हाई." मी विचारले का. ती म्हणाली, "गाडी बंद झाली तर रात्री अकराला घरला कसं यायचं? घरातली म्हणतील पाळी सोड." तुम्ही माझ्यावर रागावता त्याचे मला काही वाटत नाही, पण तिच्या या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. प्यालेला ड्रायव्हर हवा की पगार हवा, एवढेच दोन रस्ते त्या सात जणींपुढे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तो शुद्धीत असताना, त्याला एकट्याला गाठले. "तात्या, चुकलं. पुन्ना न्हाई." आठ दिवस बरे गेले. मग मी रात्री गेटवर जाऊन उभा राहिलो तर तोच वास. किल्ली काढून घेतली. तो हसला, खिशातून दुसरी काढली आणि गेला. त्याच्या आईकडे गेलो. त्या रडल्या. "बापाविना वाढलेलं पोर हाय, तुमीच सांभाळून घ्या." मग समितीपुढे विषय काढला. सातातले पाच म्हणाले, पोलीस नको. एक ज्येष्ठ म्हणाले, "आपलं पोर पोलिसाच्या दारात उभं करायचं? त्यांनी आपल्याला कधी बसायला खुर्ची दिली?"

याचे उत्तर सोपे नाही, आणि सोपे आहे असे मी आज म्हणणार नाही. तरुणपणी अत्याचाराची एक फिर्याद नोंदवायला एका ठाण्यात आम्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाकड्यावर बसलो होतो. ठाण्याचे नाव घेत नाही. आपल्या लोकांना पोलिसांची भीती वाटते ती भित्रेपणाने नाही, अनुभवाने. दुसरे म्हणजे मी युनियनचा माणूस. सहकाऱ्याची मॅनेजमेंटकडे चुगली करणारा आमच्यात सगळ्यात खालचा. पण चुगली होते पाठीमागे, आणि चुगली करणाऱ्याला त्यातून काहीतरी मिळते. मी त्याला तोंडावर सांगितले होते, "आता परत प्यालेला दिसलास तर मी लिहून देणार." आणि गिरणीत बेअरिंग तापल्याचा वास आला की साईडर जॉबरला हाक मारतोच. मशीन आपल्या दोस्ताचे आहे म्हणून कोणी गप्प बसत नाही, कारण खाली सगळा कापूस पडलेला असतो.

काही तरुण पोरांनी मला पेपरातली उदाहरणे दिली. म्हणाली, तात्या, पुण्यात 2024 च्या मे महिन्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन इंजिनिअर मेले, गाडीवर बसलेले पोरगे अठराच्या आतले, आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टर पकडले गेले. पैसेवाल्याला असे, आणि आपल्या पोराला मात्र लगेच कायदा? ही चर्चा माझ्या तक्रारीनंतरची, पण प्रश्न खरा आहे. अजून एकाने मुंबईचे सांगितले. वांद्र्याला 28 सप्टेंबर 2002 च्या पहाटे एका बेकरीपुढे झोपलेल्या गरिबांवर एका मोठ्या नटाची गाडी गेली, एक मेला, चार जखमी. फिर्याद दिली ती त्या नटाच्या संरक्षणाला नेमलेल्या पोलीस शिपायाने, रवींद्र पाटीलने. पुढे तारखांना तो हजर राहिला नाही म्हणून त्यालाच अटक झाली, नोकरी गेली, 2007 साली क्षयाने तो वारला. 2015 च्या मे महिन्यात सत्र न्यायालयाने नटाला पाच वर्षे दिली आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. गाडी कोण चालवत होते, प्यालेला होता का, हे सिद्ध झाले नाही असे म्हटले.

मी तो निकाल पेपरात बारकाईने वाचला होता. त्यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. पाटीलच्या पहिल्या फिर्यादीत दारूचा उल्लेख नव्हता, तो नंतरच्या जबाबात आला, म्हणून त्याच्या साक्षीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही असे न्यायालय म्हणाले. मी या बाबतीत तज्ज्ञ नाही, सूत काढणारा माणूस आहे. पण 1996 ला माझी सही ज्या कागदावर पडली त्यावरून मला एवढे कळले आहे, की पहिल्या दिवशीचा कागद पुढची वीस वर्षे बोलतो.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रात्री मी घरात येरझारा घालत होतो. आमची मंडळी म्हणाली, "एकदा गप बसून बघितलंय न्हवं तुमी?" बास. सकाळी अर्ज लिहिला. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, कुठल्या गेटवर, मी स्वतः काय बघितले, कसला वास आला. लोक काय म्हणतात ते एक अक्षर लिहिले नाही. ट्रॉलीची हकीकत सुनेने तिच्या नावाने वेगळी लिहिली आणि खाली सही केली. मी तिला नको म्हणत होतो. ती म्हणाली, "गाडीत मी बसते, तुमी न्हाई."

हवालदारांनी अर्ज वाचला. "तुमचा कोण हा?" मी म्हणालो, मित्राचा मुलगा. "मग घरात मिटवा की." मी म्हणालो, "साहेब, दीड महिना घरातच मिटवतोय." त्यांनी माझ्याकडे बघितले, शिक्का मारून पोच दिली. बसायला खुर्चीही दिली, हे सांगितले पाहिजे.

तिसऱ्या रात्री नाकाबंदीत गाडी अडवली, नळीत फुंकायला लावले. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली तर मोटार वाहन कायद्याचे कलम 185 लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याला दंड झाला आणि लायसन सहा महिने गेले. मी धरून चाललो होतो की एवढ्यावर भागेल. भागले नाही. हप्ते थकले, फायनान्सवाले गाडी ओढून घेऊन गेले. आम्ही काही जणांनी हप्त्यासाठी नऊ हजार गोळा केले, ते त्याने परत पाठवले. दुसरी गाडी मिळेपर्यंत अकरा दिवस बायकांची पाळी बुडाली. त्यात माझी सूनही. शाळेच्या रिक्षाला महिन्याला जास्त पैसे पडतात म्हणून पालक माझ्या दारात आले. पोर आता फाउंड्रीत हेल्पर आहे. माझ्याशी बोलत नाही. त्याची आई पौर्णिमेला विहारात येते, वंदना झाली की मागच्या दाराने जाते. दारू सुटली की नाही याबद्दल मी वेगवेगळे ऐकतो.

तक्रार केली नसती तर अपघात झालाच असता का, असे मला विचारतात. मला माहीत नाही. न झालेल्या अपघाताचा पंचनामा होत नसतो. दादांच्या पायाचा मात्र झाला होता, आणि त्यावर माझी सही होती.

कायद्याचे थोडे सांगून आटोपतो, कारण घरी जाऊन तुम्ही तेच विचारणार. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. बेदरकार गाडी चालवणे पूर्वी कलम 279 होते, आता 281. निष्काळजीपणाने मृत्यू पूर्वी 304-अ, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. आता 106, पाच वर्षांपर्यंत. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली तर नोंद केलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 ला सांगितले आहे. प्रत फुकट मिळते. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, हे 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक केले आणि 2019 ला मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ म्हणून आले. तेव्हा रस्त्यावर पडलेल्याला बघून पळू नका. रात्री तातडीने कळवायचे असेल तर 112. गाडी चालू असताना ड्रायव्हरशी भांडू नका, मध्ये हात घालू नका. वस्ती आली, चौक आला की उतरा आणि बायकापोरांना उतरवा.

एक विनंती महिला मंडळाला. रात्रपाळीच्या बायकांना गाडी कंपनीने द्यावी यासाठी आपण सह्यांचे निवेदन करू. नाहीतर प्रत्येक वेळी तक्रार करणाऱ्या बाईचीच पाळी बुडणार, आणि पुढच्या खेपेला ती बोलणार नाही. त्या अकरा दिवसांची भरपाई मी कुणाला देऊ शकलो नाही, ही माझी चूक. आधी दुसऱ्या गाडीची सोय बघून मग ठाण्यात जायला हवे होते.

अर्जाचा एक नमुना लिहून विहाराच्या पुस्तकांच्या कपाटात ठेवला आहे, नंबर आणि तारखेची जागा मोकळी सोडून. आपली पोरे ज्या गाडीने शाळेला जातात तिचा नंबर आज रात्रीच वहीत उतरवून ठेवा. आणि अध्यक्ष महोदय, व्यसनमुक्तीचे टिपण तसेच शिल्लक आहे. पुढच्या रविवारी दहा मिनिटे दिलीत तर वाचतो. जय भीम.